हलवलेला कढीपत्ता पालवी फुटून पुन्हा का सुकतो?

गणपती झाले की ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. पहिल्या पावसात अंगणातला जुना कढीपत्ता हलवला. आधी पानं गळली, मग तीनेक आठवड्यांत कोवळी लालसर पालवी आली. घरातले सगळे खूश, झाड लागलं म्हणून निर्धास्त. आणि ऑगस्ट सरता सरता तीच पालवी मान टाकते, शेंडे काळे पडतात, फांद्या वरून खाली वाळत येतात. पाणी चालू असतं, खतही घातलेलं असतं. कढीपत्त्याच्या जागी मेंदी धरा किंवा कुंडीत जुनी झालेली रोझमेरी धरा, घडतं बहुतेक हेच.

वीतभर रोपाचा हा प्रश्न नाही. रोप कुठेही लावलं तरी जगतं. इथे बोलतोय ते मनगटाएवढं खोड धरलेल्या, वर्षानुवर्षं एका जागी मुरलेल्या औषधी आणि स्वयंपाकाच्या झाडांबद्दल. मुंबईत ही वेळ आता अनेकांवर येते आहे. विक्रोळीचं कन्नमवार नगर असो की चेंबूरचं टिळक नगर, जुन्या वसाहती पुनर्विकासाला निघाल्या की तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांनी खिडकीमागच्या पट्टीत लावलेला कढीपत्ता, अडुळसा, निर्गुडी, मेंदी यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. बिल्डरच्या आराखड्यात त्यांना जागा नसते. ज्या घराने तीस वर्षं फोडणीला त्याच झाडाची पानं तोडली, त्या घराला ते झाड मागे सोडवत नाही, आणि मला हे अगदी समजतं. म्हणूनच ही झाडं हलवताना मरू नयेत असं मनापासून वाटतं, कारण बहुतेक वेळा ती विनाकारण मरतात.

आधी ती फसवी पालवी समजून घेऊ. झाड उपटलं की जाड मुळं सोबत येतात, पण पाणी ओढण्याचं काम जाड मुळं करत नाहीत. ते काम टोकाच्या बारीक पांढऱ्या मुळीचं, आणि ती जवळजवळ सगळी जुन्या खड्ड्यात राहते. जुन्या झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत मात्र साठवलेलं अन्न भरपूर असतं. पहिली पालवी येते ती या साठ्यावर. खाली एक नवी मुळी फुटलेली नसली तरी वर फुटवे येऊ शकतात. पानं मोठी झाली की ती पाणी मागू लागतात, खालून पुरवठा नसतो, साठाही संपत आलेला असतो. झाड कोलमडतं ते तेव्हा. म्हणून पालवी दिसली की झाड लागलं असं धरू नका. पालवीची दुसरी खेप आली आणि तीही टिकली, तर लागलं म्हणा.

आता झाड सुकत असेल तर घाईने पाणी ओतण्याआधी दोन गोष्टी बघा. खोडाची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर तो भाग जिवंत आहे. शेंड्याकडून खाली येत तपासा, हिरवं कुठे सुरू होतं ते कळेल. तिथपर्यंतचं वाळलेलं लाकूड काढून टाका. मग खोडापासून वीतभर अंतरावर बोटभर खोल माती उकरा, आणि त्याच्याही आत, मुळांच्या हुंडीत, म्हणजे मुळांना धरून राहिलेल्या मातीच्या गोळ्यात, एक पातळ काडी खुपसून बाहेर काढून बघा. नेमका बिघाड कुठे आहे ते बहुतेक इथेच कळतं.

पानं फक्त दुपारी झुकत असतील आणि सकाळी ताठ दिसत असतील, तर मुळं काम करताहेत, फक्त अजून कमी पडताहेत. तिथे सावली द्या. हिरवी शेडनेट ५० टक्क्यांची पुरते. जास्त पाणी नको.

सकाळीही पानं मलूल, माती मात्र ओलीचिंब, आणि उकरल्यावर कुजकट वास येतोय, तर ही मूळकूज आहे. मुंबईत हलवलेली झाडं मरण्याचं सर्वांत मोठं कारण मी हेच मानतो. गंमत अशी की सुकलेलं पान तहानेचं आहे की कुजलेल्या मुळाचं, हे वरून सारखंच दिसतं. माणूस ते बघून आणखी दोन बादल्या ओततो. अशा वेळी पाणी लगेच बंद करा, आळं फोडून साचलेलं पाणी बाहेर काढून द्या, एका बाजूने माती मोकळी करून हवा जाऊ द्या. काळी, बोटात चिवडली की साल सुटणारी मुळं धारदार सिकेटरने कापा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून ते मुळांभोवती द्या. मात्र त्याच वेळी बोर्डो किंवा कुठलंही तांब्याचं औषध मातीत ओतू नका. ट्रायकोडर्मा स्वतःही बुरशीच, तांब्याने तीच मरते.

तिसरा प्रकार फसवा आहे. भोवतालची माती ओली, पण हुंडी आतून कोरडी ठणठणीत. ड्रममधून किंवा मोठ्या कुंडीतून जमिनीत लावलेल्या झाडांत हा हमखास दिसतो. कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की पाणी लवकर शोषत नाही. पाणी कडेकडेने निघून बाहेरच्या मातीत जातं, मुळं आत तहानलेली राहतात. इथे पाणी लांब आळ्यात न देता थेट बुंध्याजवळ, अगदी बारीक धारेने, बराच वेळ द्यायचं. अशी झाडं लावतानाच हुंडीच्या कडेला गोल गोल गुंडाळलेल्या मुळांवर उभे तीन-चार काप देणं गरजेचं असतं. नाहीतर ती मुळं तशीच गोल फिरत राहतात, बाहेर शिरत नाहीत.

पानं सुकत नाहीत पण पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि तेही नव्या पानांवर आधी? मग मातीत चुना आहे. सोसायटीच्या कडेच्या पट्टीत माती कमी आणि राबिट जास्त असतं. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा यामुळे माती अल्कली होते आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. कढीपत्ता या बाबतीत हळवा आहे. तो लिंबाच्याच कुळातला. जुनी पानं टोकाकडून तपकिरी जळत आली तर बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याचा संशय घ्या. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच इमारतींत बागेला तेच पाणी जातं. नव्या लावलेल्या झाडाला तरी निदान दोन-तीन महिने नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

या पट्टीत दुखण्याचं मूळ आणखी एका गोष्टीत असतं, ती म्हणजे खड्डा. पहारीने फोडावा लागतो असा दाबलेला मुरूम आणि भराव, त्यात दोन फूट खोल खड्डा, आणि तो छान मऊ माती-खताने भरलेला. असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. सगळ्या आवाराचं पावसाचं पाणी त्यात येऊन बसतं आणि बाहेर पडायला वाट नसते. सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नुकत्याच कापलेल्या मुळांना त्या पाण्यात हवा मिळत नाही आणि नवी मुळी फुटायच्या आधी जुनी सडते.

म्हणून झाडाला हात लावण्याआधी नव्या जागेची परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर त्या जागी खड्ड्यात झाड लावू नका. तिथे उंचवटा करा, जमिनीपासून फूट-सव्वाफूट वर, तीन-चार फूट रुंद, कडेने जांभ्याचे चिरे किंवा जुन्या विटा लावून, मधल्या फटी न बुजवता. झाड त्या उंचवट्यात बसवा. मुलुंड-बोरिवलीकडच्या मुरमाड आवारात मी दुसरा कुठलाही पर्याय सुचवणार नाही. भरायच्या मातीत चांगलं मुरलेलं कंपोस्ट पाव भागाहून जास्त नको. जास्त खत घातलेली माती पुढे खचते आणि झाड खाली बसतं, बुंधा मातीत जातो.

आता वेळेचं. पहिल्या पावसात झाड लावायचं ही आपल्याकडची जुनी पद्धत रोपांसाठी उत्तम आहे. मोठ्या झाडासाठी माझं मत वेगळं आहे. पहिल्या पावसात त्याची मुळं कापा, झाड मात्र जागेवरच ठेवा.

पाऊस मुंबईत साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. तो स्थिरावला, दोन-चार चांगल्या सरी मुरल्या आणि जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी झाली, की झाडाभोवती अर्ध्याच वर्तुळात चर खणायचा. खोड जमिनीजवळ ५ सेंटिमीटर जाड असेल तर खोडापासून साधारण २५ सेंटिमीटरवर. चरात आलेली मुळं धारदार फावड्याने किंवा करवतीने स्वच्छ कापायची. पहारीने ठेचलेलं मूळ सडतं, कापलेलं मूळ फुटतं, आणि हा फरक माळ्याला आधीच समजावून सांगा. चरात जाडी वाळू आणि मुरलेला पालापाचोळा भरून टाकायचा. पाणी त्यात साचत नाही आणि नव्या मुळीला शिरायला सोपं जातं. उरलेलं अर्धं वर्तुळ चार आठवड्यांनी, म्हणजे जुलैच्या मध्यावर. त्याच वेळी एका बाजूने खाली शिरून सोटमूळ सापडलं तर तेही कापून घ्या. या सगळ्या काळात झाड आपल्या जुन्या जागीच आहे, अर्धी तरी मुळं शाबूत आहेत, आभाळ ढगाळलेलं आहे, हवेत ओल आहे. कापलेल्या टोकांपाशी पांढऱ्या मुळीचे झुपके फुटायला याहून चांगला काळ नाही.

उचलायचं ते ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पावसाचा जोर उतरलेला असतो, पण ऊन अजून तापलेलं नसतं. आणि हे विसरू नका की उचलताना जुन्या चराच्या आठ-दहा सेंटिमीटर बाहेरून खणायचं. चराच्याच रेषेवर खणलं तर दोन महिने कष्टाने वाढवलेली पांढरी मुळी आपणच कापून टाकतो. मुळं आधी तोडूनही झाड गेलं अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा चूक इथेच असते.

एवढी हुंडी, म्हणजे सव्वादोन फूट व्यासाची आणि सव्वा फूट खोल, ओल्या मातीसकट दीडशे-दोनशे किलो भरते. ती खोडाला धरून कधीही उचलू नये. हुंडी फुटते आणि सगळं वाया जातं. खालून गोणपाट सरकवा, काथ्याने आवळून बांधा, दोन बांबू घालून चार जणांनी उचला. नव्या जागी बुंध्याची पातळी जुनीच राहिली पाहिजे. खोड जिथे पसरून मुळांना सुरुवात होते ती जागा मातीच्या वर दिसावी. बऱ्याच ठिकाणी झाड डुलू नये म्हणून ते खोल पुरतात. डुलण्यावर उपाय बांबूच्या खपाटीचा आधार आहे. गोणपाट तागाचं असेल तर वरचा भाग सोडवून बाकीचं तसंच राहिलं तरी चालतं. प्लास्टिकची गोणी मात्र पूर्ण काढा.

फांद्या किती छाटाव्यात यावर मतभेद आहेत. माझा अनुभव सांगतो की तिसरा हिस्सा पुरे. कढीपत्ता अगदी बोडका केला की तो साठ्यातलं सगळं अन्न पालवी काढण्यात घालवतो आणि मुळांना काही उरत नाही. पानं राहिली तर तीच मुळांसाठी अन्न तयार करतात. आतल्या गिचमिड, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, शेंडे थोडे कमी करा, मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावा. फुलोरा आला तर खुडा.

लावल्यावर पहिलं पाणी भरपूर, इतकं की मातीतली हवेची पोकळी बसेल. त्यानंतर मात्र बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही. वर पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन, पण बुंध्याला टेकू न देता. पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो आणि लगेच ऑक्टोबरचं ऊन भाजायला लागतं. शेडनेट त्या आधी बांधलेली हवी आणि ती दिवाळी होईपर्यंत राहू द्यावी. या महिन्यात माती खरोखर झपाट्याने वाळते, त्यामुळे पावसाळ्यात पाणी जपून देणाऱ्याने इथे उलट दक्ष राहायला हवं.

खत दीड-दोन महिने काहीच नको. युरिया तर नकोच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कढीपत्ता हलवल्याच्या चौथ्या दिवशी तांब्याभर ताक आणलं होतं. "काकू, आता नको, मुळं कच्ची आहेत, होळीनंतर घाला," असं सांगितलं तेव्हा त्या थांबल्या. ताकाने कढीपत्ता खुलतो हा घरोघरचा अनुभव आहे आणि रुजलेल्या झाडाला पातळ, बिनमिठाचं आंबट ताक अधूनमधून द्यायला हरकत नाही. नव्याने हलवलेल्या झाडाच्या ओल्या मातीत मात्र ते बुरशीलाच बळ देतं.

पहिल्या पालवीवर अळ्यांकडे लक्ष ठेवा. लिंबाच्या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी तपकिरी-पांढऱ्या आणि मोठेपणी हिरव्या असतात, आणि चार-पाच अळ्या दोन दिवसांत अशक्त झाडाची सगळी पालवी संपवतात. एरवी त्यांना खाऊ द्यावं असं मला वाटतं, पण या वर्षी त्यांना उचलून दुसऱ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा.

सगळ्या झाडांना हा खटाटोप लागत नाही. अडुळसा आणि निर्गुडी चिवट आहेत. हातभर ठेवून छाटा, पावसाळ्यात कधीही हलवा, बुडातून फुटतात. त्यांच्या जाड काड्याही सहज रुजतात, तेव्हा जुनं खोड नेलंच पाहिजे असं नाही. मेंदीही जगते, पण हळू.

जुनी तुळस हलवू नका. बुंधा लाकडी झालेली तुळस आधीच आयुष्याच्या शेवटाकडे आलेली असते आणि मुळं दुखावलेली तिला सोसत नाहीत. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बी जपून ठेवा, बिनमंजिरीच्या कोवळ्या चार काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. सासूबाईंच्या वृंदावनातली तीच तुळस नव्या घरी अशीच जाते, आणि ती जाणं महत्त्वाचं आहे.

रोझमेरीचं तर सगळं उलटं. ती भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या उन्हाळ्याची आणि हिवाळी पावसाची. मुंबईचा पावसाळा तिला मुळातच जड जातो. तिची जुनी, पानं नसलेली लाकडी फांदी छाटली की तिथून बहुधा फुटवा येत नाही, म्हणून मोठ्या झाडांना दिला जाणारा खोल छाटणीचा सल्ला तिला लावला की ती मरते. हलवायचीच तर डिसेंबर-जानेवारीत, फक्त हिरवे शेंडे कापून, निम्मी जाडी वाळू असलेल्या मातीत आणि पावसाचा थेट मारा न बसणाऱ्या जागी. त्याहून सोपं म्हणजे खालची लवचीक फांदी मातीत दाबून ठेवणं आणि रुजल्यावर तोडून घेणं.

फेब्रुवारीत, नव्या पालवीच्या तोंडावर कढीपत्ता हलवणारेही आहेत. ते शक्य आहे, फक्त एप्रिल-मे रोज लक्ष देणारं माणूस घरी हवं. आणि मे महिन्यात अर्धी मुंबई गावी असते.

पुनर्विकासाची नोटीस आली आणि हातात पंधरा दिवसच असतील तर? मुळं आधी कापायला वेळ नाही, मग जुनं झाड जगेल याची खात्री देता येत नाही. अशा वेळी मोठी हुंडी धरून झाड अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये सावलीत ठेवा. ड्रमला बुडाशी भोकं असू द्या. तो ड्रम गच्चीवर किंवा गॅलरीत न्यायचा विचार असेल तर आधी सोसायटीच्या इंजिनिअरला विचारा. ओल्या मातीने भरलेला अख्खा २०० लिटरचा ड्रम ३०० किलोच्या वर जातो, अर्धाही काही हलका नसतो. आणि त्याच दिवशी कढीपत्त्याभोवती आलेले धुमारे जमा करा. ते मूळ झाडाच्या आडव्या मुळावरूनच फुटलेले असतात, म्हणून ते तेच झाड आहे. वेळ असेल तर आईकडचं मूळ आधी कापून धुमारा महिनाभर जागेवर ठेवावा, म्हणजे त्याची स्वतःची मुळी तयार होते. वेळ नसेल तर मुळाचा वीतभर तुकडा सोबत घेऊन उचला, पानं निम्मी करा आणि कुंडीत लावा. पावसाळ्यात पिकलेली काळी फळं मिळाली तर गर धुऊन बी लगेच पेरा. ते वाळवून ठेवलं की उगवत नाही.

जमिनीतलं मोठं झाड हलवण्याआधी परवानगीचंही बघा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि झाड तोडण्याप्रमाणे ते हलवण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. कढीपत्ता घरचा वाटला तरी सोसायटीच्या जमिनीत तो झाड म्हणून मोजला जाऊ शकतो. वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात आधीच चौकशी केलेली बरी. कुंडीतल्या झाडाला हे लागू नाही.

राहिली पानं तोडण्याची गोष्ट. सप्टेंबरमध्ये हलवलेल्या कढीपत्त्याचं एकही पान फेब्रुवारीपर्यंत तोडू नका, फोडणीसाठी बाजारातून जुडी आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येईल. ती पूर्ण उघडून गडद हिरवी झाली, आणि एप्रिलच्या उन्हात दुपारीही मान टाकत नसेल, तर बाहेरच्या फांद्यांवरची जुनी पानं घ्यायला सुरुवात करा. पान ओरबाडून न घेता देठाशी खुडा, आणि शेंडे पहिल्या पावसापर्यंत तसेच राहू द्या.